फिरकीच्या तांब्यातलं दूध

"शिफ्ट सुटली की बालवाडी कमिटीचे उद्धवराव येणार आणि छबूबाईला कामावरून काढणार. त्याआधी काय ते शोधा!" कुसुमताई दारातूनच म्हणाल्या.

खासगी तपासनीस यशवंतरावांना एका जागी बसणं मुळातच जमत नसे. ते चपला घालून निघालेसुद्धा. त्यांचे स्थूल मित्र मारुतराव अर्धा चहा टाकून मागे धावले. हे त्यांच्या जिवावर आलं.

कुसुमताईंची बालवाडी दापोडीच्या कामगार चाळीत होती. तिथल्या चार वर्षांच्या इंदूला शेंगदाणे बाधत. एक दाणा पोटात गेला तरी श्वास कोंडायचा. परक्या हातचं काही खाण्याआधी विचारायचं, हे कुसुमताईंनी तिला शिकवलं होतं. पोर विचारायचीही. तरी आज सकाळी तिचे ओठ सुजले, धाप लागली. डॉक्टरांनी सुई टोचली म्हणून निभावलं.

बालवाडीच्या स्वयंपाकघरात खाऊ करणारी छबूबाई रडत होती. कोपऱ्यात शेंगांची टरफलं पडली होती.

"बघा!" मारुतराव कुजबुजले.

"शेंगा म्या फोडल्या, व्हय," छबूबाई म्हणाली. "पण खाऊ वाटायच्या आधीच लेकरू सुजलं. तिनं घरचं दूध तेवढं पिलं. त्या तांब्याला माझा हात न्हाई लागला."

"झाकण मी उघडलं," कुसुमताई म्हणाल्या.

यशवंतरावांनी फिरकीच्या तांब्यात डोकावून पाहिलं. तळाशी वेलदोड्याची पूड होती. ते तडक इंदूच्या घरी निघाले. कुसुमताईंनी छबूबाईलाही सोबत घेतलं.

इंदू अंथरुणावर उठून बसली होती. तिची आई सावित्रीबाई छबूबाईला पाहून फणकारली, "हिला आधी बाहेर काढा! पहिला श्रावणी सोमवार, आणि पोरीवर ही वेळ!"

चुलीजवळ साबुदाण्याची खिचडी झाकलेली होती. फळीवर दोन दगडी खलबत्ते होते. यशवंतरावांनी एक हुंगला. लसणाचा भपकारा आला.

"तो रोजचा," सावित्रीबाई म्हणाल्या. "दुसरा इंदूच्या वेलदोड्यांचा. त्याला दाणा शिवू देत नाही मी."

"मग आज खिचडीचं कूट कशात कुटलंत?"

सावित्रीबाईंची नजर दुसऱ्या खलबत्त्याकडे गेली.

"माझं ऐका," यशवंतराव येरझारा घालत म्हणाले. "इंदूनं शाळेतलं काही खाल्लंच नव्हतं. म्हणजे बाधलं ते दूध. ते भरलं घरी, आणि त्यात वेलदोडा इथेच कुटून घातला. लसणाचा खलबत्ता उपवासाला चालत नाही. म्हणून दाण्यांसाठी आज तुम्ही इंदूचा घेतलात."

"पण मी तो धुतला होता हो!" सावित्रीबाई कळवळल्या. "दोनदा धुतला!"

"दगडाच्या खाचेत कूट राहतं. आणि आईच्या हातच्या दुधाबद्दल इंदू विचारणार तरी कशी?"

मारुतराव मान खाली घालून उभे राहिले. तिकडे कारखान्याचा भोंगा झाला. "उद्धवरावांना मी सांगते," म्हणून कुसुमताई लगबगीने बाहेर पडल्या.

सावित्रीबाईंनी डोळे पुसले, पाण्याचा पेला भरला आणि इंदूच्या ओठांशी नेला. इंदू पेल्याकडे बघत राहिली. मग तिने तो हळूच बाजूला सारला आणि दारात उभ्या छबूबाईकडे हात केला.

"छबूमावशी, तू दे."