दव न पडलेली जागा

यातलं शेवटचं तेवढं ताईने फोनवर सांगितलं. बाकी सगळं मी स्वतः पाहिलंय. खोटं वाटलं तर वाटू द्या, पण पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

मागच्या थंडीत मी ताईकडे राहायला होतो. वस्तीच्या टोकाला बैठं घर, पुढे भाऊजींचं लॉन.

त्या लॉनवर त्यांचा भलता जीव. कडा कात्रीने कापायचे. एखादं वाळकं पान दिसलं, की चहा अर्धा टाकून उठायचे.

"माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलंत का हो?" ताई म्हणायची.

"तू कुठे पिवळी पडतेस?"

एका सकाळी उजाडता उजाडता त्यांनी मला हाक मारली.

"इकडे ये. गवतावर पाय देऊ नकोस."

सगळं लॉन दवाने पांढुरकं झालं होतं. मधला एक तुकडा मात्र हिरवागार...

कोरडा.

एका टोकाला गोल. मग खांदे. मग पोटाशी घेतलेले गुडघे.

"कुणीतरी रात्रभर झोपलं होतं इथे," मी म्हणालो. "असेल एखादा दारुडा."

भाऊजी उकिडवे बसले.

"माणूस झोपला तर गवत दबेल ना रे? हे बघ..."

एकही पातं वाकलेलं नव्हतं.

आणि भोवतालच्या दवात पाऊल उमटलेलं नव्हतं. येतानाचं नाही. जातानाचंही नाही.

त्या संध्याकाळी फाटकाला कुलूप लागलं.

सकाळी आकृती पुन्हा होती. या वेळी घराच्या जवळ.

त्यानंतरच्या सकाळी... भिंगरीच्या खिडकीखाली.

भिंगरी म्हणजे माझी भाची. चार वर्षांची. पाय घरात ठरत नाही म्हणून हे नाव.

ताईने तिला आपल्या खोलीत, आपल्या कुशीत झोपवलं. दाराला आतून कडी घातली. रात्रभर कसलाच आवाज आला नाही. साधं कुत्रंही भुंकलं नाही.

सकाळी भाऊजी आणि मी बाहेर आलो.

खिडकीखाली दोन कोरड्या आकृत्या होत्या.

एक मोठी. तिच्या कुशीत एक लहान...

भाऊजी आत धावले. ताईने घाबरून कडी काढली. भिंगरी अंथरुणातच होती, गाढ झोपेत. भाऊजींनी तिच्या केसांतून हात फिरवला.

बोटांना गवताची पाती लागली.

"हळू ना, बाबा," भिंगरी डोळे न उघडता म्हणाली. "ती उठेल."

"कोण, बाळा?" ताईने विचारलं.

"तिला ना, बाहेर खूप थंडी वाजते."

दुपारच्या आत आम्ही ते घर सोडलं. गवत कापायचं मशीन तिथेच राहिलं. आता ताई तिसऱ्या मजल्यावर राहते. भाऊजी घरात साधी कुंडीही ठेवू देत नाहीत.

आज सकाळी तिचा फोन आला.

"भिंगरीची चादर ओली झालीये रे."

"लहान आहे, ताई. होतं कधीकधी."

"तसली ओली नाही. गार आहे. बारीक बारीक थेंब, सगळ्या चादरीवर. खिडक्या मी स्वतः लावल्या होत्या..."

"सगळी चादर?"

"भिंगरी झोपली होती तेवढी जागा कोरडी आहे."

मला ताईचा श्वास ऐकू येत होता.

"आणि तिच्या शेजारची..."

मी आता निघतोय. तिथे जाऊन काय करायचं, ते मला माहीत नाही.