तळघरातली नळी

जवळ सरका पोरांनो. एवाल्ड कोर्डेल माझा वर्गमित्र. खोटं रचायला लागतं तेवढं डोकं त्याला देवाने दिलेलंच नाही, म्हणून सांगतोय.

अकरा नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळचे सव्वासहा. मार्टिनच्या सणाची कंदील-मिरवणूक नुकतीच संपली होती. आपल्या ट्रिअरच्या दक्षिण टोकाला एवाल्डच्या खानावळीचा तो पहिला दिवस. टेबलं भरली होती, लोक तळलेले कोंबडीचे पंख चाखत होते. बायको मार्लीस म्हणाली, "तळघरातून फीत्सची सुरई भरून आण." फीत्स म्हणजे सफरचंदाची आंबट दारू; ती नसेल तर आपल्याकडे पंखांना विचारतो कोण?

एवाल्ड आधीच कावलेला होता. या गावात कुदळ मारली की रोमन निघतात, आणि रोमन निघाले की पुरातत्त्ववाले दोन वर्षं काम बंद ठेवतात. संडासाचा पाइप टाकताना त्यालाही तळघरात मातीची एक नळी लागली होती, सरळ खाली गेलेली. संडास नाही तर परवाना नाही, आणि नोकरी तर तो सोडून बसलेला. "मेले तरी जागा सोडत नाहीत," असं पुटपुटत त्याने नळीत सिमेंट ओतलं आणि मोकळा झाला. कुणाला सांगितलं नाही.

तर त्याने सुरई काठोकाठ भरून वर आणली. मार्लीसने पेल्यात ओतायला घेतली. थेंब नाही.

"जिन्यातच संपवलीस?"

"मी? एवढी?"

"मग काय पायऱ्यांनी प्यायली? जा परत."

दुसऱ्या खेपेलाही तेच. लोक टेबलं बडवायला लागले. "एवाल्ड, सफरचंदं अजून झाडावरच आहेत काय रे?" संतापाने त्याला रडू यायचं बाकी होतं. सगळं पणाला लावलं आणि पहिल्याच दिवशी ही फजिती.

तिसऱ्यांदा सुरई भरून तो जागचा हलला नाही. आत बघत उभा राहिला.

फीत्स उतरली. बोटभर. मग अर्धी...

घोट... घोट...

आवाज सुरईतून नव्हता. पायाखालून होता.

सुरई रिकामी झाली. आवाज थांबेना. आता कोरडा. घशाला घसा घासावा तसा.

"कोण आहे?"

वरचा गलकाही ऐकू येईना. मग लादी हलली. जरा. पुन्हा जरा...

त्याने पहार घेतली. लादी फोडली, नळी फोडली, आतला सिमेंटचा दांडा उपसून फेकला. सुरई भरली, ओतली. पुन्हा भरली, ओतली. सहाव्या सुरईला सगळं शांत झालं.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच पुरातत्त्ववाल्यांना फोन केला. खानावळीला कुलूप लागलं, अजून आहे. माझा मित्र साठीला परत नोकरी शोधत फिरतोय.

खणायला आलेल्या बाईंनी सांगितलं, "ही कबर आहे. नातलग या नळीतून मेलेल्याला दारू पाजायचे. पण खाली नुसती राख आहे, त्यांनी प्रेत जाळलं होतं. हाड नाही, काही नाही."

मग बाईंनी कोपऱ्यातला सिमेंटचा दांडा उचलून उलटा केला. खालच्या टोकाला, जिथे तो ओला असताना जाऊन थांबला होता, तिथे ओठ उमटले होते. दोन्ही. वासलेले.