एक डबा जास्त

मी एका जुन्या आंघोळीच्या टबात बुटांसकट आडवी झाले होते, पाय त्यात मावतात का ते बघत, तेव्हा डोक्यावरून आवाज आला, "आंघोळ करायची असेल तर बाहेर जा. पाऊस तिथे पडतोय."

डुलूथ शहरातला एप्रिल होता. सरोवरावरून तिरपा, गार पाऊस येत होता आणि मी पाडलेल्या घरांचं सामान विकणाऱ्या गोदामात शिरले होते. बोलणारा माणूस हातात जुना नळ घेऊन उभा होता. भुवईवर चुन्याची धूळ... डोळे मात्र लख्ख.

"टब नकोच आहे मला," मी उठत म्हटलं. "फरश्या हव्यात. स्वस्त, पण स्वस्त न दिसणाऱ्या."

"त्या आहेत. मी एमेट. आणि टबात झोपून भाव पाडणाऱ्या तुम्ही?"

"लिनेया. भाव अजून पाडलेला नाही."

थंडीला कंटाळून बाबा माझ्या भावाकडे ऍरिझोनाला राहायला गेले होते. जाताना म्हणाले होते, घर वीक आणि पैसे तुझ्या बेकरीत घाल. मॅडिसनला माझ्या मैत्रिणीने, डॉर्थियाने, तिच्या बेकरीतली भागी माझ्यासाठी जूनअखेरपर्यंत राखून ठेवली होती. पण घरं विकून देणाऱ्या मिसेस फेन्स्केंनी आमचं चॉकलेटी न्हाणीघर बघून नाक मुरडलं. हे बदला, मेच्या दुसऱ्या रविवारी आपण घर लोकांना बघायला उघडू, तो रविवार हुकला तर जूनअखेर विसरा, असं त्यांनी बजावलं. कोरं सामान घेण्याची माझी ऐपत नव्हती. दोन हात होते, आणि ते बऱ्यापैकी चालत.

एमेटने बंद पडलेल्या एका हॉटेलच्या फरश्या दाखवल्या. फिकट हिरव्या, कच्च्या द्राक्षांसारख्या. अकरा डबे मोजून दिल्यावर तो म्हणाला, एक डबा जास्त घ्या, कापताना फुटतात, आणि आमच्याकडचं सामान एकदा संपलं की पुन्हा येत नाही. मी ऐटीत सांगितलं की माझं गणित चुकत नाही. त्याने वाद घातला नाही, ओठांच्या कोपऱ्यात हसला फक्त. ते हसू मी घरापर्यंत सोबत नेलं, हे आधीच कबूल करून टाकते.

मग कपाटांच्या मुठी हव्या झाल्या. मग बेसिन. मग एक दिवा, जो खरं तर नको होता. बेसिन बसवायला तो घरी आला, माझ्या हातची दालचिनीची चार बिस्किटं खाऊन गेला, आणि 'अहो-जाहो' कधी गळून पडलं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. माझ्या केसांत अडकलेला फरशीचा कण त्याने दोन बोटांनी अलगद काढला... आणि मग बराच वेळ पाना शोधत राहिला. पाना त्याच्या खिशातच होता.

मेच्या पहिल्या शनिवारी फरश्या संपल्या. खिडकीखालचा तुकडा तसाच उघडा. गणित बरोबर होतं, पण कापताना सात फुटल्या होत्या. सोमवारची सुट्टी सोडली तर मी रोज गोदामात जाऊ लागले. एमेट दुसरे हिरवे तुकडे काढून दाखवी, एकही रंग जुळत नसे, आणि मी रविवारपर्यंतचे दिवस मोजत घरी येई.

बुधवारी दुपारी तोच दारात उभा राहिला. हातात डबा. तोच रंग.

"कुठे मिळाला?"

"मिळाला नाही. होताच... पहिल्या दिवसापासून. ज्यांचं गणित चुकत नाही त्यांच्यासाठी मी एक डबा बाजूला काढून ठेवतो. मागायला आले की लगेच देतो." तो थांबला. "तुला दिला नाही."

"का?"

"तुझं येणं बंद झालं असतं."

मला संताप आला, खराखुरा. चार रात्री मी नीट झोपले नव्हते. "हे घर विकलं गेलं नाही तर माझी बेकरी जाईल. ठाऊक होतं ना तुला?"

"होतं. म्हणूनच लाज वाटली, आणि आलो. घर विकलं जायलाच हवं, लिनेया. तू जायलाच हवीस. मला तू आवडतेस... हे तुला अडवायला नाही सांगत. सांगितल्याशिवाय राहवत नाही."

मी डबा घेतला. "बूट काढ आणि कापायला बस," मी म्हटलं. "एक जरी फुटली तर तुझी धडगत नाही."

एकही फुटली नाही. गुडघ्याला गुडघा लावून आम्ही खिडकीखालचा तुकडा पुरा केला, दुसऱ्या दिवशी फटी भरल्या. रविवारी संगीत शिकवणारे एक निवृत्त शिक्षक बायकोला घेऊन आले आणि न्हाणीघरात उभे राहून गुणगुणायला लागले. मंगळवारी त्यांचा होकार आला.

जूनमध्ये कागदपत्रं झाली, किल्ल्या दिल्या. एमेट सामान भरायला मदत करत होता. माझ्या गाडीत न मावलेली चार खोकी फाटकाशी उभी होती, ती कुरियरने जायची होती. त्या बुधवारनंतर त्याने तो विषय काढला नव्हता. म्हणून मीच काढला.

"मॅडिसन पाच तासांवर आहे. बरोब्बर मध्ये ओ क्लेअर गाव लागतं. सोमवारी बेकरी बंद, तुझं गोदामही बंद. दर सोमवारी तिथे भेटू. कारण मलाही तू आवडतोस, आणि हे मी पुरता विचार करून सांगतेय."

"नाही," तो म्हणाला.

मी गाडीच्या किल्लीकडे हात नेला.

"अर्ध्या वाटेवर नाही. एका सोमवारी मी तुझ्या दारापर्यंत येईन, एका सोमवारी तू माझ्या." त्याने हात झटकले आणि माझ्याकडे बघितलं. "आज वार कुठला?"

सोमवारच होता. त्याने ती चार खोकी उचलली आणि स्वतःच्या गाडीत ठेवली.