तिसरं बटण

थोरली खडप मेली, असं कुर्लीने सांगितलं होतं, आणि कुर्ली खोटं बोलत नाही हे साऱ्या दांडेखोल गावाला ठाऊक होतं. मग त्या मेलेल्या खडपेवर मासे जेवत कसे होते?

दुर्वा खवणेकरने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सकाळच्या ओहोटीला चष्मा लावून तिने बुडी मारली. खाली थोरली खडप, म्हणजे प्रवाळाचा बुडालेला खडक, पसरलेली, चुना फासल्यासारखी पांढरीफटक. आणि तिच्यावर पिवळेधमक फुलपाखरू मासे चोची मारत होते. ही जात शेवाळ खात नाही, दगडही चाटत नाही. हिला जिवंत प्रवाळाचं मांसच लागतं. मग मेलेल्या दगडावर हे काय टिपत होते?

कोडं डोक्यात घेऊन ती वर आली आणि समोर पाहते तर बंदराच्या तोंडाशी बार्ज (सपाट बुडाचं अवजड जहाज) येऊन उभा. चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाय, प्रत्येक माडाएवढा. भरती चढली की तो आत येणार, ते पाय थोरलीवर रोवणार आणि हॉटेलच्या धक्क्यासाठी खडप फोडायला घेणार. परवानगीत अट होती की जिवंत प्रवाळावर एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. हॉटेलच्या कंपनीने अट वाचली आणि ती हसली असेल. कारण थोरली मेली आहे हे कंपनी म्हणत नव्हती. ते गावच्या शाळेचा नकाशा म्हणत होता, आणि तो नकाशा कुर्लीने बनवला होता.

दुर्वा ओल्या कपड्यांनीच डॉक्टर आजींच्या शेडकडे पळाली.

डॉक्टर आजी म्हणजे डॉ. मंदाकिनी गिरकर. त्या गोळ्या देत नसत, इंजेक्शन टोचत नसत. त्यांचे रोगी समुद्राखाली राहत. निवृत्त झाल्यावर त्या गावात आल्या आणि शाळेच्या पोरांना हाताशी धरून त्यांनी एक यंत्रमानव बांधला. आठ पाय, दोन नांग्या, पोटाखाली कॅमेरा, आणि पोहायला दोन पंखे. पोरांनी त्याचं नाव कुर्ली ठेवलं. कुर्ली म्हणजे खेकडी, आणि तशीच ती तिरकी चालायची.

आजी आधीच नकाशा उघडून बसल्या होत्या. थोरलीवर लाल रंग, म्हणजे मेलेली. पलीकडची धाकटी खडप सगळी हिरवी, म्हणजे जिवंत.

दुर्वाने माशांचं सांगितलं. आजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. टेबलावरच्या कुर्लीकडे त्यांनी बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "तिलाच विचार."

"कुर्ली, थोरली मेली हे तू कशावरून ठरवलंस?"

"मला शिकवलं त्यावरून," कुर्ली म्हणाली.

असले नकाशे कसे बनतात ते दुर्वाला पाठ होतं. कुर्ली खडपेवरून ओळीओळीने पोहते आणि खचाखच फोटो काढते. प्रत्येक फोटोचा काठ शेजारच्या फोटोवर थोडा चढलेला असतो, गोधडीला ठिगळ लावताना काठ चढवतात तसा. मग ती सारखे काठ ओळखून सगळे फोटो शिवते आणि अख्ख्या खडपेची एक गोधडी बनते (याला जोडचित्र म्हणतात). पण गोधडी झाली म्हणून नकाशा होत नाही. कुठलं ठिगळ जिवंत आणि कुठलं मेलेलं, हे कोणीतरी सांगावं लागतं. यंत्र ते जन्मतः शिकून येत नाही. माणसं त्याला ढीगभर फोटो दाखवतात, प्रत्येकाला नाव देतात, आणि यंत्र ती नावं गिरवतं.

"कोणी शिकवलं ते दाखव," दुर्वा म्हणाली.

पडद्यावर फोटो सरकू लागले. पांढरं प्रवाळ, खाली नाव: मेलेलं. पांढरं, मेलेलं. पांढरं, मेलेलं. प्रत्येकाखाली बटण दाबणाऱ्या पोराचं नाव होतं. सगळ्यांत जास्त वेळा दुर्वा खवणेकर.

तो पावसाळी दिवस तिला आठवला. वर्गात पैज लागली होती, कोण भराभर बटणं दाबतं याची. पांढरा दिसला की कोणी थांबलंच नव्हतं. थांबायचं कशाला? दांडेखोलचं प्रत्येक पोर किनाऱ्यावरचे पांढरे प्रवाळाचे तुकडे वेचून मोठं झालेलं. तुळशीभोवती त्यांची नक्षी करायची, भातुकलीत त्यांचा भात करायचा. लाटेने बाहेर फेकलेलं प्रवाळ पांढरं असतं आणि मेलेलंच असतं. दुसऱ्या गावच्या पोराने निदान विचारलं तरी असतं. यांना सगळं माहीतच होतं, म्हणून यांनी विचारलं नाही.

"मी मारली तिला," दुर्वा पुटपुटली.

"तू बटण दाबलंस," आजी म्हणाल्या. "पण बटणं दोनच होती, जिवंत आणि मेलेलं. ती मी दिली होती. आजारी माणसासाठी मी बटणच ठेवलं नाही आणि स्वतःला डॉक्टर म्हणवते. रडायचं नंतर बघू. आधी ऐक."

आणि त्यांनी सांगितलं ते असं. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. ते तांदळाएवढ्या इवल्या प्राण्यांचा वाडाच म्हण (या प्राण्यांना पुष्पजीव म्हणतात). ते चुन्याची घरं बांधतात आणि एकमेकांना चिकटून राहतात. त्यांच्या अंगात आणखी बारीक भाडेकरू असतात, एकपेशीय शैवाल. ही शैवालं उन्हावर अन्न शिजवतात आणि भाडं म्हणून त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात. प्रवाळाचा तपकिरी रंगही बराचसा त्यांचाच. पाणी फार तापलं की त्यांचा स्वयंपाक बिघडतो, अन्नाबरोबर विषारी द्रव्यंही तयार होऊ लागतात. मग घरमालक त्यांना बाहेर काढतो. रंग जातो. पारदर्शक कातडीतून आतला चुना दिसतो, म्हणून प्रवाळ पांढरं पडतं (याला विरंजन म्हणतात).

"म्हणजे घर रिकामं नाही," दुर्वा म्हणाली. "घरमालक आत आहे. नुसता उपाशी आहे."

"काही आठवडे तग धरतो. तेवढ्यात पाणी निवलं तर भाडेकरू परत येतात. नाही निवलं तर मात्र खरंच मरतो. आणि मेल्यावर तो पांढरा राहतो का? नाही. त्याच्यावर शेवाळाचा लेप चढतो. लांबून तपकिरी, हिरवा, छान टवटवीत दिसतो."

खरं तर हे एवढंच समजून घ्यायचं होतं. पण मोठ्या माणसांना नकाशा हवा असतो तो सही करायला सोयीचा म्हणून. तो खरा आहे का, हे विचारायला कोणाला सवड नसते.

काम सुरू करायच्या कागदावर सही रझिया मुकादम यांची व्हायची होती. त्या सागर अधिकारी, आणि गावच्या जुन्या धक्क्यावर खुर्ची टाकून भरतीची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारी कंपनीचा माणूस छत्री धरून उभा. दुर्वाने धापा टाकत सगळं सांगितलं. छत्रीवाला म्हणाला की नकाशा पोरांनीच केलाय, आता पोरांनीच नाक मुरडायचं म्हणजे गंमत आहे. धक्क्यावरचे चारजण हसलेसुद्धा.

मुकादम मॅडम हसल्या नाहीत. "मासे जेवताना दिसले, एवढ्यावर मी काम थांबवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांना दिसेल असं काहीतरी दाखव. पाणी चढेपर्यंत वेळ आहे तुला."

दाखवता येण्याजोगं एक होतं, निळा दिवा. जिवंत प्रवाळाच्या अंगात काही द्रव्यं अशी असतात की निळा उजेड गिळून ती हिरवा उजेड बाहेर टाकतात (याला प्रतिदीप्ती म्हणतात). प्रवाळ पांढरं पडलं तरी कातडी जिवंत असेल तर ही द्रव्यं बहुधा राहतात. शेवाळ त्याच दिव्यात लाल दिसतं. नुसता चुना यातलं काहीच करत नाही. कॅमेऱ्यापुढे पिवळी काच बसवून दिव्याचा निळा उजेड अडवला की उरतो तो आतला खरा रंग. कुर्लीकडे दिवाही होता आणि काचही. अडचण सूर्याची होती. भर उन्हात ही इवलीशी चमक कोणाला दिसणार? खडपेवर काळोख करायला हवा होता.

काळोख दुर्वाच्या बाबांकडे होता. प्रल्हाद खवणेकरांची होडी पर्यटकांना धाकट्या खडपेवर बुड्या मारायला नेत असे, आणि त्यांना कपडे बदलायला होडीवर काळ्या जाड कापडाचा आडोसा होता.

बाबांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा नाहीच म्हणाले. नव्या धक्क्यावर त्यांच्या होडीला जागा मिळायची होती. मग त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. "खरां सांग, दुर्वा. ती जिती आसा काय मेली?"

"माका ठाऊक नाय, बाबा. म्हणान तर बघूचा आसा."

ते उत्तर बाबांना पटलं असावं. ठाऊक आहे म्हणणारे त्यांनी धक्क्यावर बरेच पाहिले होते. त्यांनी आपला पाग काढला. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं, काठाला शिशाचे मणी. त्यावर ते काळं कापड पसरलं आणि बापलेकीने दाभणाने धावदोरा घातला. दोनदा दुर्वाच्या बोटात दाभण घुसलं. तिकडे बार्जचं इंजिन सुरू झालं.

होडीत बाबा, दुर्वा, आजी आणि पडदा पाहायला मुकादम मॅडम. कुर्ली थोरलीच्या कडेच्या वाळूतल्या एका सुट्या पांढऱ्या प्रवाळावर पाय फाकून उभी राहिली; तिची तार होडीतल्या पडद्याला आणि माइकला जोडलेली होती. आजींनी बजावलं की शिसं वाळूतच पडलं पाहिजे, प्रवाळावर एक मणीही नको. बाबा होडीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभे राहिले, कमरेतून वळले आणि पाग फेकला. हवेत तो काळ्या छत्रीसारखा उघडला आणि पाण्यावर पडला. कापड जड, वेळ लागला. मग तो हळूहळू खाली गेला, कुर्लीच्या पाठीवर टेकला आणि कडेने वाळूत बसला. तंबू झाला.

पडदा काळा होता. बार्जची घरघर जवळ येत होती.

"दिवा," आजी म्हणाल्या.

पडदा नुसता निळा झाला. मुकादम मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "काच," दुर्वा ओरडली, "कुर्ली, पिवळी काच लाव."

काच बसली आणि पडदा हिरवा झाला. एकेक इवलं घर, एकेकाच्या काठाला हिरवं कडं, अमावास्येच्या आभाळासारखं सगळं प्रवाळ चमकलं. कुठे कुठे काळे डाग होते, तिथले घरमालक खरेच गेले होते. पण बहुतेक सगळे आत होते. एकाने आपले बारीक हात कॅमेऱ्यासमोर आखडून घेतले.

बाबा पडद्यावर वाकले.

मुकादम मॅडमनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "छान. पण तुमचा दिवा सगळीकडेच हिरवं दाखवत नाही हे मला कसं कळणार? नकाशात जी जिवंत आहे तिच्यावरही लावा. धाकटीवर."

आजी हळूच म्हणाल्या, "बरोबर विचारलंत." (अशा दुसऱ्या चाचणीला तुलना-चाचणी म्हणतात. ती नसेल तर पहिलीला अर्थ नाही.) दुर्वाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी होडी वळवली.

धाकटी वरून तपकिरी, मऊ, भरलेली दिसत होती. कुर्ली तिच्यावर जाऊन उभी राहिली, पाग पुन्हा पडला. दिवा लागला, काच बसली.

लाल. सगळा पडदा लालभडक. हिरवा ठिपका एक नाही. शेवाळाखाली प्रवाळांचे ढलपे उडालेले, माथी फुटलेली, आणि आरपार गेलेले लांब ओरखडे. ते कशाचे, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. होडीच्या नाळीत नांगर पडलेला होता.

"मी थयच टाकतंय," बाबा म्हणाले. "इतकी वर्षां. ती हिरवी दिसायची, म्हणान मी म्हटलंय, बरी आसा."

दुर्वाला वाटलं, आता बाबा म्हणतील की हे कोणाला सांगू नको. एक खडप वाचली तेवढं पुरे. पण मुकादम मॅडमनी विचारलं तेव्हा बाबांनीच सांगितलं की नांगर त्यांचा आणि जोडीच्या होड्यांचा. धाकटी गेली म्हणजे पर्यटक गेले, हे त्यांना दुर्वापेक्षा चांगलं कळत होतं.

मॅडमनी सही केली नाही. बार्ज थोरलीच्या काठापर्यंत आला होता. त्यांनी हात वर करून त्याला थांबवला. छत्रीवाला धक्क्यावरून ओरडत, हातवारे करत राहिला. होडीतलं कोणीतरी म्हणालं, ओरडू दे, त्याला भाडेकरू नाहीत, म्हणून पांढरा पडलाय.

त्या आठवड्यात शाळेच्या पोरांनी कुर्लीला पुन्हा शिकवलं. या वेळी बटणं तीन होती. पैज कोणी लावली नाही. दुर्वा प्रत्येक फोटोपाशी थांबायची, दिव्यातला फोटो शेजारी ठेवायची आणि नाहीच कळलं तर कळलं नाही असं लिहायची. आजींनी प्रत्येक नकाशावर तारीख घालायला लावली. आजारी माणसाचा ताप एकदा पाहून भागत नाही, तीच जागा पुन्हा पुन्हा पाहावी लागते (याला सततचं निरीक्षण म्हणतात). दोन्ही खडपांच्या कडेला वाळूत खुंट रोवून त्यांना बोये (तरंगते पिंप) अडकवले गेले, होड्या बांधायला. पहिला दोर बाबांनी बांधला. नांगर त्यांनी घरी नेला आणि कोंबड्यांच्या खुराड्याला टेकण म्हणून लावला.

थोरली सगळी वाचली नाही. पाणी निवायला वेळ लागला आणि तिचा एक कोपरा कायमचा गेला. समुद्र दरवर्षी तापणार आहे, आणि तो तापवणारे दांडेखोलला राहत नाहीत. पण पाणी निवल्यावर एका सकाळी दुर्वा पडद्यासमोर बसली असता कुर्ली म्हणाली, "हा फोटो मला ओळखता येत नाही."

तेच सुटं प्रवाळ होतं, पहिल्या पागाखालचं. पांढऱ्यावर नखाएवढा तपकिरी डाग.

दुर्वाने दिव्यातला फोटो शेजारी लावला. हिरवं कडं होतं, आणि त्याच्या आत लालीचा बारीक शिडकावा. भाडेकरूही शैवालच, म्हणून दिव्यात लाल; ते परत येऊ लागले होते.

तिचं बोट "जिवंत" या बटणापर्यंत गेलं आणि थांबलं. मग तिने "आजारी" दाबलं, तारीख घातली आणि खाली लिहिलं: पुढच्या ओहोटीला पुन्हा पाहणे.