सुटलेल्या भाल्याचा निवाडा

अमरावतीच्या क्रीडागणित प्रयोगशाळेत निवाडायंत्राचा दिवा तांबडा झाला आणि दहावीतल्या शाल्मली वानखडेनं हातातले फासे थेट भिंतीवर भिरकावले.

"बाद? माझा भाला बाद? काहून पण?"

'दुर्गयात्रा' या खेळाची अंतिम फेरी चालू होती. या खेळात प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि फासे टाकत वर्षानुवर्षं तेच खेळतो. पात्र मेलं की त्याचा कागद सगळ्यांसमोर फाडायचा, ही रीत. शाल्मलीची रणजाई चार वर्षं जिवंत होती. चार वर्षं! तिच्या चिलखताची एकेक कडी शाल्मलीनं भूमितीच्या तासाला बाकाखाली रंगवली होती.

आता समोरच्या ओजस्वी तायडेच्या बाणानं रणजाई खाली पडली होती. पडलेला लगेच मरत नाही. समोरचा उरला तर येऊन त्याला संपवतो, नाहीतर पडलेला पुढच्या खेळीला उठतो. आणि पडण्याआधीच रणजाईनं भाला फेकला होता. फासा सहाचा, म्हणजे समोरच्याला थेट मरण! पण नियम एवढाच होता : 'जो पडला त्याचा वार बाद.' वार आधीच हातातून सुटला असेल तर? पुस्तक गप्प.

"यंत्र पुस्तकावर विसंबत नाही," ते बनवणाऱ्या डॉ. खंडारे म्हणाल्या. "ते वहिवाट बघतं. राज्यभरातल्या खेळाच्या स्मृतिमेजांवर प्रत्येक फासा नोंदला जातो आणि कुणी आक्षेपाची कळ दाबली का, तेही. नियम अस्पष्ट असेल तर पूर्वी असं घडलं तेव्हा जे कुणीही कळ न दाबता मान्य केलं, तो त्याचा अर्थ."

"म्हणजे गप्प बसला तो राजी? अन् कुणी त्याचं तोंड दाबलं असेल तर?"

"दाबलेलं तोंड यंत्राला दिसत नाही. दोष आहे खरा."

"मग फेका की ते यंत्र! किती वेळा घडलंय असं?"

"नऊ वेळा. आठ ठिकाणी नुसती भांडणं झाली, निकाल लागला नाही. एकाच ठिकाणी कुणी कळ दाबली नाही."

"कोण तो नेभळट? नाव दाखवा!"

पडद्यावर नोंद उमटली. दोन वर्षांपूर्वीची, शाल्मलीच्याच शाळेच्या क्लबातली. पडलेली : तुळा, खेळाडू ओजस्वी. जिंकलेली : रणजाई.

शाल्मलीचे कान तापले. तरी ती ओजस्वीवरच उखडली. "ओरडायचं ना मग तेव्हा! तोंड नव्हतं का तुला?"

"ओरडले होते, ताई. तू जास्त मोठ्यानं ओरडलीस. म्हणालीस, कळ दाबलीस तर उद्यापासून क्लबात दिसू नकोस." ओजस्वीनं नाक पुसलं. "शाळा बदलली मी. आज तुझा भाला बाद झाला ना, मला लई मज्जा आली. खोटं कशाला बोलू?"

शाल्मली खंडारे मॅडमकडे वळली. "ती नोंद अजून बदलते का?"

"बदलते. त्या डावात जिंकलेल्यानं स्वतःच आक्षेप घेतला तर ती कबुली. मग सुटलेला वार लागू."

"घेते की मग! म्हणजे माझा भाला लागला!" तिनं कळीवर हात ठेवलासुद्धा.

"थांब. अर्थ बदलला की तो त्या दिवसापासून बदलतो. तुळानंही पडण्याआधी भाला फेकला होता. तिचा फासा बघ."

सहा.

म्हणजे कळ दाबली तर रणजाई दोन वर्षांपूर्वीच मेली होती. त्यानंतरच्या एकसष्ट लढाया, बक्षिसाच्या तिन्ही ढाली, आजची फेरी, यातलं काही झालंच नव्हतं. कळ दाबली नाही तर रणजाई आज मरणार. पण उपविजेती म्हणून, भिंतीवर नाव लागून.

"दोन्हीकडून मरायचंच आहे ना हिला?" शाल्मलीचा आवाज फाटला. "मग माझ्या दादागिरीनं लागलेल्या निकालानं कशाला मरेल ती?"

तिनं कळ दाबली. मुठीनं.

पडद्यावरून एकसष्ट लढाया एकेक करून पुसल्या गेल्या. शाल्मलीनं रणजाईचा कागद फाडला. ओजस्वीनं कंपासपेटी उघडली. आत चिकटपट्टीनं जोडलेली तुळा होती.

"ताई, रडतेस?"

"चिडलेय! कळत नाही का?" शाल्मलीनं भिंतीपाशी पडलेले फासे गोळा करून टेबलावर आदळले. "कोरा कागद दे मला. आणि ही कळ तुझ्या बाजूला घे."