मेंढरं उडाली कशी?

"परवा शेपूट गेली, काल अख्खं मेंढरू! आज काय आजीबाईंनाच पुसणार का रे?" शहाजीकाका कडाडले.

संस्कृती, शिवराज आणि सोमेश भिंतीला चिकटून उभे राहिले. नवी पेठेतल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर गावातल्या कलाकारांचं प्रदर्शन भरणार होतं आणि शहाजीकाका त्या कलादालनाचे व्यवस्थापक होते. भिंतींवर चित्रं लागली होती. मधोमध जमिनीवर होती संस्कृतीच्या आत्याची, रुपालीची, रांगोळी. घोंगडं पांघरलेली तिची आई बजाबाई आणि भोवती मेंढरं! त्यासाठी आत्यानं चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यातून चार दिवसांची रजा काढली होती.

"आम्ही नाही केलं, काका!" संस्कृती कळवळून म्हणाली.

"मग काय भुतानं केलं? आज पुन्हा पुसली, तर झाडून काढीन आणि तिथं खुर्च्या मांडीन!"

खाली बसून आत्या पुसलेलं मेंढरू चिमटीनं पुन्हा भरू लागली. पाच वाजता उद्घाटन होतं. मोडनिंबहून खुद्द बजाबाई येणार होत्या आणि आपलं चित्र त्यांनी अजून पाहिलंच नव्हतं. संस्कृतीला आत्याकडे बघवेना.

"चला बे, चोर शोधू!" सोमेश म्हणाला.

"मांजर असणार," शिवराज कडक भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला.

"मग पावलं कुठायत?" संस्कृती म्हणाली. "हे तर फुंकर मारल्यासारखं पुसलंय. आणि दोन्ही दिवस दुपारच्या सुट्टीतच!"

सोमेशनं खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं. बोटाला काळी पूड! "घोंगड्याची रांगोळी इतक्या उंच? तुझं मांजर पंख लावून आलं होतं काय, शिवराज?"

संस्कृतीनं झटकन वर पाहिलं. छताला तीन पंखे होते. दोहोंवर कोळ्यांची जाळी लोंबत होती. रांगोळीच्या बरोबर वरचा पंखा मात्र स्वच्छ होता!

"पंखा!" तिघं एकदम ओरडले आणि लगेच त्यांनी एकमेकांच्या तोंडावर हात ठेवले.

"पण लावतं कोण? काका तर म्हणतात, दुपारी दालनाला कुलूप असतं," शिवराज म्हणाला.

"तेच तर बघायचंय!" संस्कृती म्हणाली. तिनं आत्याच्या डब्यातली चिमूटभर निळी रांगोळी पंख्याच्या जुन्या काळ्या बटणावर चोळली. सोमेशनं रेग्युलेटर शून्यावर आणला आणि त्याचं फिरवायचं टोपण उपसून शिवराजच्या खिशात टाकलं. आता बटण कितीही दाबा, पंखा हलणार नव्हता!

दोन वाजता आत्या आईला आणायला एसटी स्टँडवर गेली. काकांनी मुलांना बाहेर काढून दार लावून घेतलं. तिघं जिन्यात बसून राहिले. मे महिन्यातलं सोलापूर नुसतं भाजून निघत होतं. आतून मात्र आवाज येत होता. खट्! खट्! खटाखट्! मग कुणीतरी वैतागून म्हणालं, "ह्याला आजच काय धाड भरली!"

चार वाजता दार उघडलं. काका दारात उभे. घामानं निथळलेले, घाम पुसून पुसून नाक निळं, कपाळ निळं आणि पांढऱ्या मिशा तर निळ्याशार!

"दात काय काढताय रे?"

"काका, आरशात बघा की!" शिवराजला हसू आवरेना.

आरसा पाहून काकांनी मटकन बसून घेतलं. "अरे, रांगोळी म्हणजे वाळूच की! ती उडंल असं वाटलंच नाही. मी आपला दुपारी पंखा लावून घटकाभर आडवा होत होतो..."

रांगोळीतलं एकही मेंढरू जागचं हललं नव्हतं.

पाच वाजता दालन गच्च भरलं. बजाबाईंनी दारातच चपला काढल्या. रांगोळीपाशी येऊन त्या वाकून बघू लागल्या.

"रुपा, ही मी व्हय?" त्यांनी विचारलं. "जलमभर मेंढरामागं हिंडले. माजं बी चित्र निगंल, असं कवा वाटलं न्हाय गं." आत्यानं त्यांचा हात घट्ट धरला. संस्कृतीच्याही डोळ्यांत पाणी आलं.

काकांनी घसा खाकरला. मिशा तीनदा धुऊनही निळ्याच होत्या. "मंडळी, रांगोळी रुपालीताईंची. पण आज ती इथं दिसतेय, ती या तीन पोरांमुळं. मी त्यांना उगाच बोललो. चूक माझी आणि डोकं त्यांचं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिवराजनं खिशातलं टोपण काढून ऐटीत परत केलं.

तेवढ्यात बजाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "लई उकडतंय बया हितं. कुनीतरी पंखा लावा की!"

"नाहीऽऽऽ!" सगळं दालन ओरडलं. सगळ्यात मोठा आवाज काकांचा! धावत जाऊन ते बटणासमोर हात पसरून उभे राहिले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, निमंत्रणपत्रिका घेऊन आले आणि स्वतःच बजाबाईंना वारा घालू लागले.

"काका, जरा हळू!" संस्कृती म्हणाली. "मेंढरं उडतील!"