विरजण

"तोंड उघडा. अजून थोडं," डॉ. नूतन वैरागडे म्हणाल्या. कापसाची काडी वृंदाच्या गालाच्या आतून फिरवून त्यांनी ती काचेच्या नळीत सोडली आणि नळीला बूच लावलं. पहिल्या तपासणीनंतरचा हा दुसरा नमुना होता.

वृंदा टेकाळे उदगीरहून नागपूरला आली होती नोकरीसाठी, पण या प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर ती बसली होती घरासाठी. मालवाहू आकाशयानांचं नवं केंद्र नागपूरला उभं राहत होतं. देशभरातून माणसं येऊन थडकत होती आणि भाडी गगनाला भिडली होती. आकाशयानांचे उतरणतळ बांधणाऱ्या कंपनीत वृंदा अभियंता होती. पगार चांगला होता, पण घरमालकांना तो पुरेसा वाटत नव्हता. एक दलाल तिला मसाल्याच्या गिरणीवरची खोली दाखवून आला होता. तिथं ती नुसती शिंकत राहिली. दुसऱ्यानं फोनवरच सांगितलं, "एकट्या मुलीला नाही देत, ताई. फॅमिली असेल तर बोला." तूर्तास ती एका दूरच्या नातलगांच्या दिवाणखान्यात झोपत होती, आणि त्या बाईंनी आता चहा विचारणं बंद केलं होतं.

"घर इतकं स्वस्त का, हे तुम्ही विचारलं नाहीत," डॉ. वैरागडे म्हणाल्या.

"विचारायची भीती वाटली."

पलीकडच्या टेबलाशी बसलेले डॉ. सुमंत खापरे हसले. प्रयोगात भाग घेणाऱ्यांना स्वस्तात फ्लॅट देणारा सहनिवास प्रकल्प हे दोघं मिळून चालवत होते. खापऱ्यांनी आपली खुर्ची जवळ ओढली.

"सांगतो. एका छताखाली राहणाऱ्या माणसांच्या पोटातले जंतू हळूहळू सारखे होतात. ओटा एक, भांडी एक, पाण्याचा माठ एक. घराचा मिळून एक जंतूंचा संसार तयार होतो. आम्ही त्याला गृहजीवसंच म्हणतो. या जंतूंपैकी काही मेंदूवर परिणाम करणारी द्रव्यं तयार करतात. आम्हाला असा एक जंतू सापडलाय की त्याच्या द्रव्यानं मन शांत राहतं. झोप लागते, जिवाची तगमग कमी होते. आम्ही त्याला नाव दिलंय शमकाणू."

"मग त्याच्या गोळ्या करायच्या ना."

"तीच तर अडचण आहे," डॉ. वैरागडे म्हणाल्या. "काचेत तो जगतच नाही. माणसातून माणसात जातो, तेही महिनोन्‌महिने एकत्र राहिलं तरच. दुधाला विरजण लागतं ना, तसा. हजारो तपासण्यांत आम्हाला तो एकाच माणसाकडे मिळाला. फ्लॅटमध्ये तुम्ही दोघी असाल. दोघींपैकी एकीकडे तो आहे. कोणाकडे, ते प्रकल्प सोडेपर्यंत सांगणार नाही. नुसतं कळल्यानंही माणसाला बरं वाटायला लागतं आणि प्रयोग बिघडतो."

आपल्याकडे तो नसणार याची वृंदाला खात्री होती. हिच्या नाकावर कायम राग, असं तिची आई चारचौघांत सांगायची. तेव्हा कुणाची तरी शांती आपल्याला आयती मिळणार, वर खिडकीतून तलाव दिसणारं घरही मिळणार! तिनं सह्या केल्या.

दुसरी मुलगी होती गोंदियाची पर्णिका डोंगरे. दोन बॅगा आणि कुंडीतली तुळस घेऊन ती दारात उभी राहिली तेव्हा तिचे डोळे रडून सुजलेले होते. घर पहिल्यांदाच सोडलं होतं. नखं कुरतडून कुरतडून बोटं लाल झाली होती. वृंदानं तिला पोहे करून खाऊ घातले, गॅसवाला कुठं मिळतो ते सांगितलं आणि दोन आठवड्यांनी आपल्याच कंपनीतल्या रिकाम्या जागेबद्दलही सांगितलं. पर्णिकाला नोकरी लागली. "बाप्पा, तू नसती तर मी परत गेली असती गोंदियाला," ती म्हणाली. वृंदाला फार बरं वाटलं. नव्या शहरात कुणालातरी तिचा आधार वाटत होता.

पावसाळा संपता संपता चित्र पालटलं. पर्णिका सकाळी गुणगुणत उठायला लागली. नखं वाढली. ऑफिसात बैठका तापल्या की साहेब तिच्याकडे बघत, कारण ती शांतपणे दोन वाक्यं बोले आणि भांडणारे गप्प होत. वृंदानं तीन महिने खपून उतरणतळाचा नवा आराखडा केला होता. मंत्रालयातून पाहुणे आले तेव्हा तो मांडायला साहेबांनी पर्णिकाला उभं केलं. "आराखडा तुमचाच आहे, टेकाळे," साहेब म्हणाले, "पण तुम्ही प्रश्नांवर चिडता हो."

वृंदा मागच्या रांगेत बसून स्वतःचे आकडे पर्णिकाच्या तोंडून ऐकत राहिली. पर्णिकानं शेवटी तिचं नाव घेतलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. तेच वृंदाला जास्त झोंबलं. हिला एवढं मोठं मन परवडतं कसं?

घरीही तेच. उदगीरहून आईचा फोन आला की पाच मिनिटांत आई विचारी, "पर्णिका आहे का गं? दे की तिला." मग आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येई. आईला वृंदाशी बोलताना इतकं हसू कधी आलं होतं, ते वृंदाला आठवेना. ती स्वयंपाकघरात भांडी घासत बसे आणि एकेक पातेलं गरजेपेक्षा जोरात आदळे.

पर्णिकाची झोप, तिची भूक, तिच्या गालांवरचं तेज, सगळ्यावर वृंदाचा डोळा असे. तिच्या ताटातलं उरलेलं वरण आपण मुद्दाम खातो आहोत हे एके दिवशी तिच्या लक्षात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. तरी तिनं ते संपवलं. पण तिच्यात काही उतरलं नाही. आतली खदखद होती तशीच राहिली.

शेवटी ती तणतणत सहनिवास प्रकल्पाच्या केंद्रात गेली.

"मला प्रकल्प सोडायचाय. पर्णिका तुमची दाता आहे हे शेंबडं पोरही सांगेल. वर्ष होत आलं, तिच्याकडून मला कणभर काही मिळालं नाही. माझ्या शरीरात काय खोट आहे?"

दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सोडणाऱ्याला सांगायचं, असा आपलाच नियम आहे," वैरागडे म्हणाल्या.

"अजून एकदा विचार करा, बाई. एवढी माहिती हाताशी आलीय—" खापरे त्यांना म्हणाले.

"सुमंत, नियम म्हणजे नियम." त्या वृंदाकडे वळल्या. "दाता पर्णिका नाही. तुम्ही आहात."

वृंदा हसली. मग त्यांचे चेहरे बघून थांबली.

"लहानपणी कुठल्या तरी पाण्यातून तो तुमच्यात आला असावा," खापरे म्हणाले. "सगळ्यांच्या घरच्यांची करतो तशी तुमच्या आईचीही तपासणी केली होती. त्यांच्यात नाही. त्यांना टायफॉइड झाला होता, त्या औषधांत असला तरी गेला असेल. साध्या दाढेच्या औषधानंसुद्धा मरतो तो."

"मग मला का नाही ती शांती? माझाच आहे ना तो?"

"म्हणूनच नाही," वैरागडे म्हणाल्या. "पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्याला गिरणीचा आवाज ऐकू येत नाही. एखादं द्रव्य सतत मिळत राहिलं की मेंदू त्याला दाद देणं कमी करत जातो. तुमच्या मेंदूला ते कळत्या वयाच्या आधीपासून मिळतंय. पर्णिकाला नवं आहे. नव्याला किती काळ जाणवतं, हेच आम्हाला शोधायचंय."

प्रकल्प सोडते म्हणून आलेली वृंदा सही न करताच घरी गेली. पर्णिका गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. "काय झालं जी? चेहरा असा काऊन?" तिनं विचारलं, आणि त्या आवाजातली माया ऐकून वृंदानं हातातली पिशवी जमिनीवर आपटली. ती माया तिची होती. तिच्याच शरीरातून चोरलेली, तिच्यासमोर बसून शेंगा मोडणारी.

तिनं आईला फोन लावला. "तुला आवडते ना ती पर्णिका? तिचा तो स्वभाव माझ्यामुळं आहे. डॉक्टरांनी सांगितलं."

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग साधेपणानं विचारलं, "मग तुझा का नाही गं तसा?"

त्यानंतर वृंदानं जे केलं ते अभियंत्याला शोभेल अशा पद्धतीनं केलं. द्रव्याची सवय मोडायची तर द्रव्य बंद व्हायला हवं. मेंदू पुन्हा कोरा झाला की ते नव्यानं घ्यायचं. आणि घ्यायला साठा तर घरातच होता, पर्णिकाच्या पोटात. तिनं दाढ दुखते म्हणून दंतवैद्याकडून औषध घेतलं, केंद्राला कळवलं नाही, आणि गडचिरोलीच्या उतरणतळाचं काम मागून घेऊन तिथल्या विश्रामगृहात राहायला गेली.

तिथं तिला कळलं की आजवर ती जिला खदखद म्हणत होती, ती झाकण ठेवलेली खदखद होती. झाकण आता उडालं. पर्णिकाला बढती मिळाल्याची बातमी आली तेव्हा जेवताजेवता वृंदाच्या हातातला घास ताटात पडला. पर्णिकानं वृंदाच्या आईला साडी पाठवली हे कळलं तेव्हा ती कामावरच्या सगळ्यांसमोर मोठमोठ्यानं रडली. आरशात बघितलं तरी तिला वाटे, हा चेहरा पर्णिकाला मिळाला असता तर तिनं तोही सुंदर करून दाखवला असता. कुणी इतकं द्वेषानं भरून जिवंत राहू शकतं हे तिला ठाऊक नव्हतं. पण रोज ती स्वतःला बजावी, हा कोरा होण्याचा त्रास आहे. सोसायचा.

उन्हाळा सरल्यावर ती परतली तेव्हा केंद्राला तपासणीतून सगळं कळलं होतं. खापरे डोक्याला हात लावून बसले होते. शमकाणू आता जगात फक्त पर्णिकामध्ये उरला होता. तिलाही केंद्रानं सगळं सांगून टाकलं होतं आणि फ्लॅटचा करारही तिच्या नावावर झाला होता. वृंदाला ठेवायचं की नाही, हे तिनं ठरवायचं होतं.

"राहू दे ना तिला. कुठं जाईल?" पर्णिकानं खापऱ्यांना सांगितलं आणि वृंदाची बॅग स्वतः उचलून आत नेली. त्या क्षणी वृंदाला तिचा गळा दाबावासा वाटला.

मग दिवाळीच्या सुमारास एका सकाळी तिला जाग आली आणि बराच वेळ ती तशीच पडून राहिली. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. ते काय हे शोधता शोधता तिच्या लक्षात आलं, की आत कुणीच भांडत नव्हतं. तलावावर ऊन पडलं होतं, ते फक्त ऊन होतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली, दोघींसाठी चहा टाकला आणि पर्णिकाच्या बढतीबद्दल तिला पहिल्यांदाच मनापासून आनंद झाला. ऑफिसात ती प्रश्नांवर चिडेनाशी झाली. आई फोनवर तिच्याशीच तासभर बोलायला लागली. एवढं सगळं माणसांना रोज मिळत असतं? तिला आश्चर्य वाटे.

पर्णिका मात्र गप्प गप्प असायची. कामाचा ताण असेल, असं वृंदाला वाटलं. एका रविवारी वृंदा भाकरी थापत होती, सहज गुणगुणत होती. मागं भांडं आदळल्याचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं. पर्णिका ओट्याशी उभी होती, तिची नजर वृंदाच्या चेहऱ्यावर खिळलेली होती. त्या नजरेत काय आहे हे वृंदाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"तुला लय छान झोप लागते आजकाल," पर्णिका म्हणाली.

"पर्णिका, ते तुझ्यातून गेलेलं नाही. तुला फक्त जाणवत नाहीये. वर्ष-दीड वर्षात सवय होते, एवढाच त्याचा अर्थ."

"मला डॉक्टरकी नको शिकवू." पर्णिकाचा आवाज चिरकला. "माझ्याच अंगातलं घेऊन माझ्यासमोर गाणी म्हणून राहिली तू. बघवत नाही मला."

वृंदाला राग आला नाही. तिला वाईटही पुरेसं वाटलं नाही, आणि याचीच तिला थोडी भीती वाटली. "औषध घेऊ नकोस फक्त," ती म्हणाली. "झाकणाखाली काय आहे ते मी बघून आलेय."

"पण परत आली ना तू? मी पण येईन. तेव्हा तू आहेस, तुझ्याकडून घेईन." पर्णिका थांबली. पुढचं गणित दोघींनाही एकाच वेळी उमगलं होतं. पर्णिका कोरी होऊन परत येईपर्यंत वृंदानं साठा सांभाळायचा. वृंदाला सवय झाली की ती कोरी होणार, तेव्हा तो पर्णिकानं सांभाळायचा. पुन्हा उलट. एक सुखात असेल तेव्हा दुसरी जळत असेल, आणि जळणारीला त्या सुखी बाईला सोडून कुठंही जाता येणार नाही.

दोघींकडून हे ऐकल्यावर डॉ. वैरागड्यांनी खापऱ्यांचं काही चालू दिलं नाही. "मला वाटलं होतं आपण घराघरांत शांती वाटू," त्या म्हणाल्या. "आपण वाटणार आहोत ते हे. तिसऱ्या माणसाला यात ओढायचं नाही." प्रकल्प बंद झाला. फ्लॅट महिनाअखेर सोडायचा होता.

नागपूरची भाडी एव्हाना आणखी चढली होती. दलालानं दोघींना मानेवाड्याला तिसऱ्या मजल्यावरची जागा दाखवली. दोन छोट्या खोल्या, एकच स्वयंपाकघर. पर्णिका खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. वृंदानं नळ सोडून पाणी पाहिलं.

"मैत्रिणी का तुम्ही?" दलालानं विचारलं.

वृंदानं नळ बंद केला.

"बरं, करार अकरा महिन्यांचा करतो. मुलींचं काही खरं नसतं, लग्नं होतात, पांगापांग होते. तरी अंदाजे किती दिवसांसाठी हवी जागा?"

"कायमची," पर्णिका न वळता म्हणाली.